एकशे ऐंशी

टार्टूत, एमायोगी नदीकडं तोंड केलेल्या
तिसऱ्या मजल्यावर
बेटांच्या फेऱ्यांचा कोड राहतो.
तेव्हा तो बावीस वर्षांचा, नऊ लाख ओळींचा,
आणि मी तिथं सहा आठवड्यांची.

उर्मास पहिल्याच दिवशी म्हणाला,
"इथं लिहिणं कमी, वाचणं फार.
आणि वाचताना कुणाला शिव्या घालू नकोस,
खाली नाव बघशील तर बहुधा माझंच निघेल."

नावं तर काय एकेक!
तात्पुरतं. तात्पुरतं_दोन. तात्पुरतं_खरंखुरं.
एका फंक्शनचं पोट इतकं सुटलेलं
की तिकिटं, वाऱ्याचा वेग, कुत्र्यांचं भाडं,
सगळं एकाच ताटात कालवलेलं.
बोट उशिरा सुटते म्हणून कुणीतरी कधीतरी
घड्याळच पाच मिनिटं मागं केलेलं.
दुखणं रेड्याला, डाग पखालीला.

मी आवरायला घेतलं.
त्या एकाची अकरा केली,
प्रत्येकाला हाक मारता येईल असं नाव दिलं,
सातशे मेलेल्या ओळी पुसल्या
आणि त्या संध्याकाळी मला फार भूक लागली.

मग हिवाळ्याच्या फाइलीत हा आकडा.
१८०.
ना नाव, ना गाव.
समुद्र गोठला की बर्फावरून गाड्या सोडतात,
तेव्हापुरता लागणारा:
एकीमागून दुसरी, मध्ये एकशे ऐंशी सेकंद.
किनाऱ्यावर रांग, रांगेत कुरकुर,
कुरकुरीचं पत्र आमच्या टेबलावर.
मी नव्वद केलं.
सगळ्या चाचण्या हिरव्या.
असणारच.
या ओळीची चाचणी कुणी लिहिलीच नव्हती.

उर्मासनं माझा बदल वाचला
आणि खाली एवढंच लिहिलं:
"का?"

नव्वदचं कारण मला ठाऊक होतं.
एकशे ऐंशीचं कुठं होतं?

खणत गेले.
"दुरुस्ती." "दुरुस्ती." "आणखी दुरुस्ती."
"शुक्रवार आहे, जाऊ दे."
आणि तळाशी, चौदा वर्षांपूर्वीच्या एका फेब्रुवारीत,
हेल्वे पाएसालू या बाईंची नोंद,
एवढ्या पसाऱ्यात सर्वांत लांब:

"गाडी जाते तेव्हा बर्फाखालून पाण्याची लाट चालते.
ती विरायच्या आत दुसरी गाडी सोडू नये.
हे कागदावरचं गणित नाही.
काल राखणदार वाल्दूरबरोबर बर्फावर होते.
तो पोटावर आडवा, कान लावून. मी सेकंद मोजत होते.
एकशे साठला तो म्हणाला, 'अजून आहे.'
वीस मी पदरचे घातलेत.
कमी करायचे असतील
तर आधी स्वतः जाऊन ऐका."

खिडकीखाली नदी पांढरी, गप्प.
मी नव्वद मागं घेतलं.
आकड्याचं बारसं केलं: लाट_विरेपर्यंत.
ओळ काय करते ते ओळच सांगेल,
मी शेजारी फक्त 'का' तेवढं लिहिलं.
आणि एक चाचणी:
उद्या कुणी हा आकडा घटवला
तर लाल दिवा लागावा
आणि दिव्यापाशी हेल्वेचे शब्द उघडावेत, जसेच्या तसे.

"बाई आता कुठं असतात?" मी विचारलं.
"मधमाश्या पाळते," उर्मास म्हणाला. "फोन उचलत नाही."

याला चार वर्षं झाली.
त्यानंतर समुद्र तसा गोठलेलाच नाही.
त्या फाइलीला कुणी हाक मारत नाही,
फक्त चाचणी रोज पहाटे जाते,
बर्फ नसलेल्या पाण्यावर तीन मिनिटं मोजते
आणि हिरवी होऊन परत येते.

काल ऊकूनं, नवा आहे, हुशार आहे,
एक बदल पाठवला:
हिवाळ्याची फाइल पुसूया, मेलेला कोड आहे.
मेलेल्या ओळी पुसाव्यात
हे त्याला मीच शिकवलं.

त्याचा बदल माझ्यापुढं उघडा आहे.
खाली एमायोगी, जानेवारीतसुद्धा वाहती.
उत्तराच्या चौकटीत कर्सर
लुकलुकतो, थांबतो, लुकलुकतो.
मी मोजतेय.